नीट बांधलेल्या तारा

कर्वेनगर, शुक्रवार

तीर्थस्वरूप दत्तप्रसाददादांस,

श्यामसुंदरचा वाकून नमस्कार (कंबरेला पट्टा आहे, त्यात जेवढं वाकता येतं तेवढं). तुमचा गुडघा कसा आहे? विजयमालावहिनींची साखर आटोक्यात असावी. लोणीला ऊन वाढलं असेल, दुपारी बाहेर पडू नका. इकडे मी आणि नीरजा ठीक. तुमचा अ‍ॅम्प्लिफायरही ठीक आहे. तुम्ही विचारलं नव्हतंत, पण परवा रविवारी तुम्ही तो ऐकायला येणार, म्हणून कळवतो. फोन केला असता; पण फोनवर तुम्ही पहिल्या वाक्यालाच 'काय केलंस?' विचारता, आणि माझी पुढची वाक्यं वाया जातात.

ठीक म्हणजे, तो शिट्टी मारतो. तबकडी लावलेली नसताना मारतो. आवाजाचं बटण निम्म्यापर्यंत नेलं की बारीक सुरू होते, चढते आणि आपल्या मनाने थांबते. मंगळवारी नीरजाने कुकरच्या तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला. त्यातल्या दोन तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या होत्या. डाळ कच्ची राहिली. (नीरजाने कुकर उचलून अ‍ॅम्प्लिफायरशेजारी ठेवला, एवढंच.)

तुम्ही १९७१ साली स्वतःच्या हाताने बांधलेली वस्तू मला का दिलीत, हे मी विसरलेलो नाही. तुमच्या चिरंजीवांना, प्रज्ञेशला, ती मित्राच्या कॅफेत शोभेला ठेवायची होती. तुम्ही चारचौघांत म्हणालात की श्यामसुंदर कशाला हात लावत नाही, त्याच्याकडे राहू दे. खालचं झाकण उघडलं तर मात्र प्रज्ञेशकडे जाईल. ही अट मला मान्य होती. आजही आहे.

पहिला संशय मी सोसायटीच्या पंपावर घेतला. सेक्रेटरी मंदाकिनीबाईंना लेखी अर्ज देऊन तो तासभर बंद करवला. टाकी नेमकी रिकामी होती. पंप बंद, शिट्टी चालू, आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ साबण लावलेल्या अवस्थेत विचारायला आले की प्रयोग किती वेळ चालेल. मग वरच्या काचेच्या व्हॉल्व्हांना पेन्सिलने टिचकी मारून पाहिली. प्रत्येकाने शिट्टीचा सूर बदलला. थांबवली एकानेही नाही. शेवटी रिक्षा केली आणि अठरा किलोंचं धूड मांडीवर घेऊन बुधवार पेठेत गेलो. तिथे बद्रीनाथ म्हणून जुने रेडिओ मेकॅनिक आहेत. त्यांनी ते उलटं केलं आणि चष्मा वर केला.

"हे कुणी उघडलं?"

मी म्हणालो, गावाहून असंच आलंय.

"ही फायलीची नाडीपण गावाहून आली का?"

इथे मला थोडं मागे जावं लागेल. दादा, मी चौतीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्ड विभागात काढली. मागच्या रविवारी अ‍ॅम्प्लिफायरखालची धूळ पुसताना झाकणाचा एक स्क्रू सैल लागला. तो आवळायच्या ऐवजी सुटला. (बाकीचे तीन सोबतीने सुटले.) आत पाहिलं तर तारा कुठूनही कुठेही गेलेल्या. एक कोपऱ्यातून येते, एक आडवी, एक मधेच उंच उचललेली. तुमच्याविषयी मला आदर आहे, पण ते पाहवेना. मी सगळ्या तारा सरळ केल्या, एका बाजूला घेतल्या आणि दर दोन इंचांवर पांढऱ्या नाडीने बांधल्या. फार सुबक दिसत होतं. नीरजालाही बोलावून दाखवलं.

बद्रीनाथ म्हणाले की गाणं आत आणणारी तार आणि मोठं झालेलं गाणं बाहेर नेणारी तार मी शेजारी शेजारी बांधून ठेवली आहे. त्यामुळे बाहेर जाणारा आवाज पुन्हा आत शिरतो, आणखी मोठा होऊन बाहेर जातो आणि परत आत येतो. (आमच्या वार्षिक सभेचं कामकाज असंच चालतं, त्यामुळे लगेच समजलं.) "ज्याने बांधला त्याने विचार करून पसारा केला होता," ते म्हणाले. नाडी सोडायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. ते जास्त लागलं.

आता नाडी सोडली आहे, पण कुठली तार कुठून जात होती ते आठवत नाही. लाटण्याने एक तार वर उचलून धरली की शिट्टी थांबते आणि गाणं अगदी पूर्वीसारखं लागतं. लाटणं काढलं की पुन्हा शिट्टी. (आत तीनशे व्होल्ट आहेत, हात घालू नये, असं तुमच्याच अक्षरात लिहिलंय. म्हणून लाटणं.)

तेव्हा रविवारी येऊ नये, ही विनंती. आम्ही त्या दिवशी बाहेर जाणार आहोत. कुठे ते ठरायचं आहे.

वहिनींना आमच्या दोघांचा नमस्कार सांगा, आणि मला जमेल तितकं माफ करा.

तुमचा,
श्यामसुंदर

ता. क. – १९७१ साली तारा कुठून नेल्या होत्या ते आठवत असेल तर कागदावर काढून पाठवा. पत्र प्रज्ञेशच्याच हाती देतो आहे, कारण दर शनिवारी तो तुमच्याकडे येतो. पाकीट चिकटवून वर टेप लावली आहे.

ता. क. दुसरा, शनिवार – पाकीट मीच फोडलं. प्रज्ञेश सकाळी नऊला वारज्याहून पत्र न्यायला आला. मी तबकडी लावून, खाली वाकून लाटणं धरून बसलो होतो. कंबरेने दगा दिला. 'एक मिनिट धर' म्हणून लाटणं त्याच्याकडे दिलं. आता साडेअकरा झाले. तो जमिनीवर बसला आहे. दोनदा मला दुसरी बाजू लावायला सांगितली. कॅफेचा विषय मीच काढला, तर म्हणाला, "काका, हळू बोला ना, गाणं चाललंय." हे तुम्हाला सांगू नये अशी त्याने मला शपथ घातली आहे.

पत्र घेऊन तो उठला तर तार सुटेल. म्हणून नीरजा या पानांचे फोटो वहिनींच्या फोनवर पाठवते आहे. रविवारचं राहू द्या, आजच या. तार कुठे ठेवायची ते आम्हा दोघांना दाखवा. ती वस्तू कुणाकडे राहील ते मग सांगा. जेवायला थांबतो. पोळ्या शेजारचं लाटणं आणून झाल्या आहेत. प्रज्ञेशचा उजवा हात मोकळा आहे.