चौथ्या माळ्याचा कोपरा

४ फेब्रुवारी
आज परत माळा हालला. कोळसा चाळायची मशीन सुरू झाली का अख्खं लोखंडी चाळणघर थरथरते, ते रोजचंच. पण आज पिळल्यावानी. उत्तरेचा कोपरा एकीकडे जाते, बाकी माळा दुसरीकडे. माझी जाऊ निर्मला कठडा धरून खालीच बसली. चौथा माळा झाडायचं काम आम्हा दोघींचं. देवराव मुकादमाले सांगतलं. म्हणे, "वय झालं बाई, चक्कर येत असन." तोंडात तमाखूचा खर्रा. थुंकला तिथंच, खांबाले. शिसारी.

५ फेब्रु.
उद्या नागपूरवरून इंजिनियर येते, हालते काऊन ते मोजाले. म्हणून आज फर्मान, माळा चकाचक करा. कोळशाची चुरी खाली टाकायचा पाइप दिवाळीच्या आधीपासून बुजला. तवापासून देवरावच म्हणे, उत्तरेच्या कोपऱ्यात लोटा, वरून पाणी मारा. पंधरवड्यापूर्वी एकदा उतरवला, तरी ओला ढीग परत माझ्या कंबरेएवढा झाला होता. आज घमेल्यानं चार माळे उतरवला. पाहुण्यापुरतं सारवण. परवापासून परत तेच.

६ फेब्रु.
इंजिनियर पोरगीच हाय, माझ्या लेकीएवढी, कल्पनाएवढी. खांबाले मोजायच्या डब्या चिकटवल्या, मशीन लावली. हाललं, पण गुमान. मी समजली. ढीग नाई त पीळ नाई.
तिच्या कम्प्युटरवर आमचं चाळणघर, नुसत्या रेघा, सांध्यासांध्यावर गोळे. इचारलं, हे काय.
"वजन आहे मावशी. कुठे किती वजन, त्यावरून कसं हलेल ते काढतो."
चौथ्या माळ्याचे सगळे गोळे सारखे. देवराव माझ्याकडे पाहून राह्यला होता. मी चहा पेली अन् खाली आली. थू माझ्यावर.

१२ फेब्रु.
रिपोर्ट आला. सगळं ठीक, मशीन अजून जोरात चालवा. देवरावनं पेढे वाटले, त्याच खर्र्याच्या हातानं. मी नाई घेतला. ढीग मांडीपर्यंत आला. निर्मला म्हणे, "तू त तिथंच होती बाई, बोलली काऊन नाई?"

१३ फेब्रु.
गेटवरच्या वहीतून पोरीचा नंबर काढला. फोन केला. ढीग किती, ओला का कोरडा, कोणत्या खांबाजवळ, सगळं इचारलं तिनं. सांगतलं. चार हात लांब, तीन हात रुंद.  मग म्हणे, "मी ते वजन धरलंच नाही. माळ्याचं वजन सगळ्या सांध्यांवर सारखं वाटलं. वर वजन वाढलं की झुलण्याचा ताल मंदावतो मावशी. तो मशीनच्या ठोक्याशी जुळला तर हेलकावे वाढतच जातात, सांधे तुटू शकतात."

मी म्हणलं, "एवढी शिकली, माळा रोज असाच असते का, इतकं इचारता नाई आलं?"
"विचारलं होतं. मुकादम हो म्हणाले. तुम्ही पण तिथेच होतात."
होती. खरं हाय.
सोमवारी परत मोजाले येते म्हणे. मशीन बंद ठेवाले साहेबाले कळवते. मोजून होईपर्यंत ढीग हालवू नका म्हणे.

१५ फेब्रु.
मशीन चालूच. कोणाले कळवलं अन् कोणी ऐकलं, देव जाणे.

१६ फेब्रु.
देवराव सकाळीच वर आला. उद्या पोरगी यायच्या आधी कोपरा साफ पाहिजे, नाई त दोघीचं नाव कटलं. "दुसऱ्या बाया रांगेत आहेत."
निर्मलानं फावडं उचललं. तिच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नाई, तिले काय बोलू? मी ढिगावर जाऊन बसली. ती म्हणे, "उठ ना बाई." नाई उठली. बुडाखालून सगळं पिळून राह्यलं होतं, तिलेही समजत होतं, मलेही. निर्मला रडली, मंग फावडं टाकून दिलं. सुटी झाली तवा दोन्ही फावडे मी घरी आणले. देवरावाले काय, दुसरं भेटन.

१७ फेब्रु., सोमवार
गेटवर बसून लिहून राह्यली. यादीत माझं नाव नाई. निर्मलाचं हाय, ती आत गेली. माझ्याकडे पाह्यलं नाई तिनं.
पोरीची गाडी अजून आली नाई. मशीन सुरू झाली. चौथ्या माळ्यावर निर्मला दिसते, नाकाले पदर बांधून, उत्तरेच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी. हातात फावडं हाय का रिकामीच हाय, इथून दिसत नाई.