टाउन हॉलचा अडसर

महाड, २ ऑगस्ट १९३१
हॉल पाहून जीव खूश झाला. ओव्हरसियर म्हणून आजवर गोदामेच नशिबी आली, आता दुरुस्तीला ही देखणी इमारत. मुंबईत पैसा केलेल्या कुणा शेठजींनी बांधलेली. जांभ्या दगडाचा पुरुषभर उंच चौथरा, सागवानी खांब, वर कमानींचा सज्जा. सावित्री नदीचे पाणी पायऱ्या चढून आत येत नाही म्हणे. मागे राहायला खोली आहे. आनंदीने आमच्या लेकीला, ठकूला घेऊन यावे म्हणून आजच लिहिले.

५ ऑगस्ट
एवढ्या थाटाच्या दाराला आतून लावायला अडसर नाही. कुणीतरी मुद्दाम काढलेला दिसतो. नवा बसवला, तर झाडलोट करणाऱ्या गोदूबाई चिडल्या. म्हणाल्या, "दार लावू नका, साहेब. मागल्या पुरात आतल्यांनी लावून घेतलं नि माझी बहीण पायरीवर बुडाली. दार लागलं की ती हाक मारते. उघडलं की गप होते. ज्याचं मेलेलं माणूस, त्यालाच ऐकू येतं." मी मनात हसलो.

९ ऑगस्ट
पाऊस थांबायचे नाव घेत नाही. नकाशे भिजतात म्हणून दार लावून काम केले. गोदूबाई कोपऱ्यात कान दाबून बसल्या होत्या. मला काहीच ऐकू आले नाही. आनंदीचे पत्र आले. परवा दासगावला उतरून होडीने येते आहे. नको म्हणून कळवायला आता वेळ नाही.

११ ऑगस्ट, दुपार
पाणी खालच्या आळीत शिरले. धक्क्यावर जाऊन आलो. होडी सकाळीच निघाली म्हणतात. अजून पत्ता नाही. वाऱ्याने दार आपटते म्हणून अडसर घातला.

संध्याकाळ
आल्या. पायरीवरून आनंदी हाक मारते आहे, ठकूही. अडसर फुगलाय — निघत नाही — गोदूबाईंना मागच्या खोलीतून पहार आणायला धाडले.

पहार आली. गोदूबाईंना म्हटले, ऐका, आल्या माझ्या. त्यांनी दाराला कान लावला. म्हणाल्या, मला माझ्या बहिणीबिगर कुणाचीच हाक ऐकू येत नाय. कौलांवरचा पाऊस? तो येतो म्हणाल्या.
पण मला तर —

अडसर निघाला. गोदूबाई रडतात, दार उघडा म्हणतात, सुटतील बिचाऱ्या. उघडले की आवाज थांबेल. मग मला काय उरले —
मी पुन्हा अडसर घातला आहे.
ठकू विचारते आहे, बाबा, दार का —