मलावीचा कागद, टोगोचा कागद

२८ ऑगस्ट १९८३
विषय सापडला! गणेशोत्सवातल्या वादविवादाचा विषय निवडण्याचं काम यंदा मंडळानं माझ्या गळ्यात मारलं. तीन वर्षांपूर्वी विषय होता — म्हातारपणी आईवडिलांना कोण सांभाळतं, थोरला की धाकटा? एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा धाकटा भाऊ गुणवंत. घरातलं सगळं माईकवर निघालं. तेव्हापासून तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. स्टेशनवर समोर आला तर टाइमटेबल वाचत उभा राहतो! मला त्याची फार आठवण येते. इथे लिहायला काय हरकत आहे.

म्हणून यंदा कोणाच्या घरात शिरणार नाही असा विषय हवा होता. लायब्ररीत युनोचं आकड्यांचं जाडजूड पुस्तक उघडलं. ‘वर्तमानपत्री कागदाच्या आयातीची किंमत — जास्त कोणाची, मलावीची की टोगोची?’ यावर कोण भांडणार!

३० ऑगस्ट
अंजनीनं विचारलं, "मलावी कुठं आहे?" म्हटलं, आफ्रिकेत. "अन् टोगो?" तोही आफ्रिकेत. "मग भावाभावांचंच झालं न हे!" बायकोला काही सांगायची सोय नाही.

४ सप्टेंबर
चिठ्ठ्या काढल्या. मलावीकडून मी. टोगोकडून — गुणवंत! नाव मागे घेईल असं वाटलं. घेतलं नाही.

९ सप्टेंबर
कहर आहे. भाजीबाजारात पुष्पाताईंनी रस्ता अडवला. "आमच्या घरी सगळे टोगोवाले आहेत, सांगून ठेवते." मंडळाचे अध्यक्ष विष्णुपंत मलावीचे. शालिग्राम दूधवालाही दूध मापता मापता विचारतो, "भैया, अपना वाला जीत रहा है न?" कोणत्या देशाला तो आपला म्हणतो, विचारायचं धाडस झालं नाही. मी स्वतः दोन्ही देश नकाशात शोधूनच काढले, पण आता कोणी टोगोचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

१४ सप्टेंबर
हॉल खचाखच! सोयीचं एक साल निवडून मी आकडे मांडले. मलावीनं कागदाला जास्त किंमत मोजली, म्हणजे तिथे वाचणारे जास्त. टाळ्या! गुणवंत उठला. माझ्याकडे न बघता अध्यक्षांना म्हणाला, "जास्त पैसे दिले म्हणजे जास्त कागद आला काय? यांच्या मलावीला भावच करता येत नाही!" मग जो गोंधळ उडाला! विष्णुपंत अध्यक्षपद विसरून ओरडले, "शब्द मागे घ्या!" निकाल लागलाच नाही. गणपतीची आरती दोनदा झाली — आधी मलावीवाल्यांची, मग टोगोवाल्यांची. प्रसादही वेगवेगळा.

१५ सप्टेंबर
सकाळी दार वाजलं. गुणवंत! शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, मदन महालहून सायकल हाणत आलेला, घामाघूम. उंबऱ्यातूनच — "दादा, वजन काहून नाही सांगितलं? नुसती किंमतच काय सांगून राहिला?" दादा म्हणाला! मला रडूच येणार होतं. पण मलावीच्या अब्रूचा प्रश्न होता. म्हटलं, "वजन करायला मलावी काय रद्दी विकून राहिला?" दुपारपर्यंत भांडलो. जेवून गेला. अंजनीनं न विचारता त्याला वांग्याची भाजी वाढली. आवडते त्याला.

१६ सप्टेंबर
आला. भांडलो.

१८ सप्टेंबर
आला. आज म्हणे लोकसंख्येनं भागा, माणशी किती पैसे पडतात ते बघा. अच्छा! मी म्हटलं, मग तान्ही पोरंही धरायची का? ती कधी पेपर वाचतात? तासभर तान्ह्या पोरांवर गेला. फार छान दिवस.

२२ सप्टेंबर
गुणवंत आला तो बसलाच नाही. "दादा, लायब्ररीत सगळी सालं पाहून आलो. तुझंच बरोबर आहे. मलावीच. चलो, संपला वाद." आणि चपलेत पाय घालायला लागला. मी दार अडवलं. ओरडलो, "कसलं बरोबर? साफ चुकलो मी! टोगोच पुढे आहे!"

तो थांबला. "काहून?" म्हणत खुर्चीत बसला.

आता मलावी त्याचा.