नावाच्या दोन बाजूंना दोन कोयते

३ जून
आजपासून रोजनिशी. मी, गुणाबाई, बोलणार. सुनिलची पोर निशिगंधा लिहिणार. मला अक्षर येत नाय. कोणाला वाचून दाखवलीस तर बोटं ठेचीन, अशी तंबी दिली. ती म्हणाली, आजे, मग लिहिणार कोण? चोंबडी.
संकल्प: या महिन्यात घरात रक्त सांडू द्यायचं नाय.

३ जून, संध्याकाळ
रक्त सांडलं. थोडंच. थोरल्या सुनिलनं शेताचा बांध वीतभर कोरला. धाकट्या मनोजनं फावड्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. मी दोघांना काठीनं झोडलं. पाच मिनिटांत गप. कोर्टाला तारखा लागतात, माझ्या काठीला नाय.

७ जून
उपाय सापडला. वाटणी कागदावर पक्की करायची. अडचण एकच, सावळी. माझी लेक. तिच्या वैशाखरे गावच्या नवऱ्यानं मारून हाकलली, दोन वर्षं आमच्या पडवीत राहते. बापाच्या जमिनीवर तिचंबी नाव हाय. तिनं हक्कसोडीवर सही केली की भाऊ मोकळे. आमच्यात बहीण हक्क सोडते अन् साडीचोळी घेते, तेव्हा तिचं माहेर टिकतं. मीच सांगीन. पोरगी माझ्या शब्दाबाहेर नाय.

८ जून
सांगितलं. सावळी म्हणाली, आये, माहेर टिकलं तरी निजू कुठं, साडीच्या घडीत? मी तांब्या फेकला. तिला हुकला अन् मनोजच्या कपाळावर बसला. वाया गेला नाय. तोबी लायकच होता.

१२ जून
निशिगंधानं मोबाइलवर सातबारा काढला. चौघांची नावं हायत. पोरांची नावं उघडी, माझ्याच नावाच्या दोन बाजूंना दोन कोयते, एकमेकांकडे तोंड करून. मालकिणीची खूण असणार. निशिगंधा म्हणाली, आजे, मला नाय तसं वाटत. बारावीला गेली म्हणून मला शिकवते! कानाखाली एक दिली. हलकीच.

१५ जून
मोठं यश. सुनिल अन् मनोज वर्षानं एका ताटात जेवले. मग दोघांनी मिळून सावळीची चूल फोडली, भांडी ओढ्यात फेकली. सुनिलनं तिचा हात पिरगाळला. तिनं मनोजच्या दंडाला कडाडून चावा घेतला, दात मोजून घ्यावेत. पण भाऊ एक झाले, ते माझ्यामुळे.
सावळीच्या हाताला हळद लावली. रडली नाय. रडली असती तर मी सुनिलला झोडलंच असतं. ती रडली नाय, म्हणून राहून गेलं.

१९ जून
शेवटचं हत्यार काढलं. सावळीला म्हटलं, सही नाय केलीस तर माझा हिस्सासुद्धा पोरांना देईन. ती नुसती म्हणाली, तुझा? अन् माझ्याकडे बघत राहिली. घाबरली.

२३ जून, शहापूर
जीप करून, पोरांच्या वकिलाला घेऊन रजिस्टर ऑफिसात गेलो. निशिगंधा वही घेऊन सोबत. साहेबांनी सावळीला विचारलं, बाई, मर्जीनं सही करताय ना? ती म्हणाली, नाय. सुजलेला हात दाखवला. सुनिलनं तिथंच तिचे केस धरले.
तेव्हा माझं डोकं फिरलं. काठी उचलली. कोणाला हाणायची ते ठरेपर्यंत ती वकिलाच्या चष्म्यावर बसली. मी ओरडले, मालकीण मी हाय! माझा हिस्सा सावळीच्या नावावर लिहा, आत्ताच्या आत्ता!
वकील काचा वेचत म्हणाला, आजी, कसला हिस्सा? तुमच्या नावाला कंस हाय. कंस म्हणजे नाव काढलं. अकरा वर्षांपूर्वीच तुम्ही हक्क सोडलाय, पोरांच्या नावे.
आठवलं. मालकाचं तेरावं झालं अन् पोरांनी मला तालुक्याला नेलं. भजी चारली. फोटो काढला, अंगठा घेतला. मला वाटलं, नवरा मेला की सरकार फोटो काढत असेल. सावळी तेव्हा सासरी, म्हणून तिचं नाव वाचलं.

२४ जून
सुनिल म्हणाला, आईला मनोजनं ठेवावं. मनोज म्हणाला, आई थोरल्याची. यावरून पुन्हा जुंपली. सुनिलचा दात पडला, मनोजचा कान फाटला. पूर्वी मी कोणाला मिळावी म्हणून दोघं असे भांडले असते.
निर्णय मीच घेतला. दोघांना सोडून दिलं. गोधडी उचलली अन् पडवीत गेले. आई लेकीकडे राहायला जात नाय, लोक हसतात. पण पडवी तर आमचीच. म्हणजे, होती.

६ जुलै
सावळीनं तहसिलीत वाटपाचा अर्ज टाकलाय. तोवर ओढ्याकडच्या खाचरात भात लावते. भाऊ बांधावरून आईबहिणीवरून शिव्या देतात, ती चिखलाचे गोळे हाणते. नेम चांगला हाय.
मी तिला बजावलं, तुझ्याकडे राहीन, पण हुकूम माझा चालेल. ती म्हणाली, आये, हुकूम मागनं. आधी वाक.
दिवसभर लावणी केली. संध्याकाळी तिनं माझी रोपं वाकडी म्हणून उपटली अन् पुन्हा लावली. माझ्यादेखत.