आईच्या नावापुढचा आकडा

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८.
आई एकदा म्हणाली होती, "पोरी, तू आवरतं मस्त, पण तू आवरलेलं मंग सापडत नाई." तेव्हा मी बारावीत होते. गेली बावीस वर्षं वर्ध्यात कॉलेजची लायब्ररी सांभाळते आहे. आई चुकली, हे आता नोंदवायला हरकत नाही.

आजपासून विमानाच्या फोल्डरला शिस्त. सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, फुकटचा आहे, त्यात कुणीही आपलं गाव बनवून टाकू शकतं. माझ्या भावाने, रत्नदीपने, समुद्रपूरचं आमचं घर बनवलं. खरं घर रस्ता रुंदीकरणात गेलं. कागदावर सही माझी, त्याला न विचारता. सहा वर्षं तो बोलत नाही. त्याच्या बायकोने, रीताने, फाइली चोरून पेनड्राइव्हवर आणून दिल्या. "यायले सांगू नका, ताई." सोबत चिठ्ठी : आपलं फोल्डर मूळ प्रोग्रॅमच्या बाहेर ठेवायचं.

खेळातल्या घराच्या ओसरीत आई उभी आहे. निळ्या काठाची पांढरी साडी. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. मी तिथे विमान घेऊन उतरते ती फक्त फाइल तपासायला. दिवसातून एकदा. फार तर दोनदा.

४ नोव्हेंबर.
सात वेळा उतरले. तपासणी कसून हवी.
जमिनीची नवी फाइल डाउनलोड केल्यापासून आई चार फूट वर तरंगते आहे. चेहरा तसाच शांत. फाइलीत तिच्या नावापुढे उंचीचा आकडा असतो. त्यातून चार वजा केले. सोपं काम.

५ नोव्हेंबर.
ओसरी रिकामी.
आकडा मीटरमध्ये असतो म्हणे. म्हणजे काल दिवसभर ती जमिनीखाली होती आणि मी वर घिरट्या घालत होते.
जेवले नाही. भूक नव्हती, एवढंच.

६ नोव्हेंबर. दुपारी २.
लॅपटॉप लायब्ररीत नेला. आकडा थोडा थोडा वाढवला. आधी डोकं आलं, मग खांदे, मग पाय. ती माझ्याकडे बघत नाही, रस्त्याकडे बघते. दिशेचाही आकडा असतो. बदलला नाही.
आमचा शिपाई कैलास मागे येऊन उभा. "मॅडम, थे बाई कोन होय?"
म्हटलं, मॉडेल.
"मॉडेल काऊन कोनाची वाट पाहून राह्यलं?"
त्याला कपाटं पुसायला पाठवलं.

९ नोव्हेंबर, रविवार.
प्रोग्रॅम एकीकडे, आपलं फोल्डर दुसरीकडे, ही काय पद्धत? सगळं प्रोग्रॅमच्या आत हलवलं. एका पुस्तकाची नोंद एकदाच. पेनड्राइव्हवरची प्रतही पुसली, त्यावर लायब्ररीची यादी घेतली. रीताची चिठ्ठी नवशिक्यांसाठी असावी.

१५ नोव्हेंबर. सकाळी १०.
नवी आवृत्ती आली. आधी जुनी काढा म्हणते. नक्की काढायची का, असंही विचारलं. नीटनेटक्या माणसाला कसली भीती? हो म्हटलं.

दुपारी १२.
समुद्रपूर आहे. शेत आहे. ओसरी नाही, घर नाही, आई नाही. थोड्या वेळाने येईल. लोड व्हायला वेळ लागतो.

सायंकाळी ५.
अजून लोड होतंय.

१६ नोव्हेंबर.
पूर्ण लॅपटॉप शोधला. 'आई' टाकून शोधलं, 'घर' टाकून शोधलं. काही नाही. जुनी आवृत्ती काढली, तिच्या आत हलवलेलं फोल्डरही तिच्यासोबत गेलं.
रीताला फोन. ती म्हणाली, "ताई, म्या लिहून देल्लं होतं ना. आता पुन्हा चोरी नाई जमत मले. त्यायलेच मागा."
रत्नदीप देणार नाही. मीही दिलं नसतं.

१७ नोव्हेंबर.
त्याला मेसेज पाठवला. इथेही उतरवून ठेवते.
"रत्नदीप, तू बनवलेलं घर माझ्याकडे होतं. तेही माझ्या हातून गेलं. रीताला बोलू नकोस, मीच तिच्या मागे लागले होते. फाइली मागत नाही. तू नाहीच म्हणशील, तरी विचारते : एकदा तुझ्याकडे येऊ? तुझ्या कॉम्प्युटरवर, तू शेजारी बसलेला असताना, मला आई दाखवशील? मी कशालाही हात लावणार नाही."