गिलाव्यातला सांधा

अण्णा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते एका भिंतीबद्दल. भिंत सोलापूरची नाही. गेल्या महिन्यात टूरबरोबर इटलीला गेले होते. तिथल्या एका खेड्यात कुणा श्रीमंताचा साडेचारशे वर्षांपूर्वीचा बंगला आहे, आत भिंतभर चित्रं. बुटांवरून कापडी मोजे चढवायला लावले, बोलायचं ते हळू आणि भिंतीपासून हातभर लांब राहून. खोटे दरवाजे, खोट्या खिडक्या, एका खिडकीतून वाकून बघणारी घरची बाई आणि तिचं कुत्रं. गाइड पोरीने चित्रकाराचं नाव सांगितलं, मालकाचं सांगितलं, मालकिणीचं सांगितलं. कुत्र्याचंसुद्धा सांगितलं.

मग तिने बॅटरी काढून भिंतीवर तिरका उजेड पाडला. त्या बाईच्या खांद्याजवळून एक बारीक रेघ गेलेली दिसली. ती म्हणाली, चुना ओला असेपर्यंतच रंग भिंतीत मुरतो, म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज सकाळी करायचे. ही रेघ म्हणजे तिथे त्यांचा एक दिवस संपला. आमची मंडळी वा वा करत फोटो काढायला लागली. माझं मात्र डोकंच फिरलं.

कारण मनाने मी उभी आहे सोलापूरच्या भवानी पेठेत, एका कापडवाल्या शेठजींच्या दिवाणखान्यात. त्यांची मुलगी कॉलेजात माझ्या वर्गात, तिची वही परत द्यायला आले आहे, आणि तुम्ही भिंतीपाशी थापी घेऊन उभे आहात. शेठजी सांध्यावरून नख फिरवतायत. तुम्ही सांगताय, "मालक, चुन्याचं काम हाय. अंधार पडला तितं थांबलो, सकाळी तितनंच धरलं. सांदा जरा दिसनारच की."

"गवंडी म्हणवतोस ना? एक भिंत धड करता येत नाही. पाड सगळा," शेठजी म्हणाले. तुमच्याहून वयाने लहान माणूस, आणि तुम्हाला अरेतुरे. तुम्ही छिन्नी घेतली आणि दोन दिवस घोटून गुळगुळीत केलेला गिलावा आपल्याच हाताने खरवडून काढलात. त्या माणसाला कुणीतरी चार शब्द सुनावायला हवे होते. मी वहीची पानं चाळत राहिले. घरी आईने विचारलं तेव्हा भाकरी मोडत तुम्ही एवढंच म्हणालात, "चूक न्हाय गं त्यात. तितं दिस मावळला, एवढंच."

तीच रेघ. तिकडे बॅटरी लावून दाखवतात, इकडे छिन्नी लावायला लावली.

म्हणून मी त्या पोरीला विचारलंच, चित्रकार यायच्या आधी रोज सकाळी हा गिलावा कोण करायचं? ती म्हणाली, असेल कुणी कामगार, त्यांची नावं कोण लिहून ठेवतं. माझा आवाज चढला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तिला ऐकवलं, की चुना महिनोन्‌महिने पाण्यात मुरवावा लागतो, किती ओला आहे ते बोटांना कळावं लागतं, आणि तुमचा हा थोर चित्रकारही त्या कामगाराचा हात थांबेपर्यंत ताटकळतच असणार. कुत्र्याचं नाव जपलंत आणि त्याचं नाही? पोरगी गोरीमोरी झाली. मी एक शब्दही खोटा बोलले नाही, अजूनही तसंच वाटतं.

बाहेर बागेत आलो तेव्हा टूरमधल्या एक निवृत्त प्राध्यापक बाई माझ्या शेजारून चालायला लागल्या. त्यांनी अगदी कौतुकाने विचारलं, "तुम्हाला चुन्यातलं एवढं कसं हो माहीत?"

मी म्हणाले, "वाचलं होतं कुठंतरी."

चार दिवस हा कागद टेबलावर पडून आहे. पाठवणार तरी कुठे, आता कपाटात ठेवून देईन. त्या पोरीला गवंड्याचं नाव माहीत नव्हतं म्हणून मी तिच्यावर एवढी उखडले. मला तर माहीत होतं, अण्णा. मी सांगितलं नाही.