बिनचिंधीचं मशीन

रविवार, दि. ११
दुपारी

ताई,

साष्टांग नमस्कार. अगदी खराखुरा. टेबलावर एक मशीन उघडं पडलंय, म्हणून मी जमिनीवर पालथा पडून लिहितोय.

मी मजेत आहे. वेळेवर जेवतो, झोपतो, दाढीसुद्धा करतो. सात महिन्यांत तुझी चार पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही, यावर तू काय म्हणत असशील ते मला इथपर्यंत ऐकू येतं. भाऊजींचंही येतं. "कॉलेज सोडलं, आता लिहिणंही सोडलं वाटतं!" त्यांना सांग, लिहिणं परत धरलंय.

मी शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकतोय. दुकान मावशींचं. सगळा रस्ता त्यांना मावशीच म्हणतो. मी सारखा उकळतो म्हणून त्या मला 'किटली' म्हणतात. तू ठेवलेलं नाव मी त्यांना सांगितलेलं नाही. कळलं तर दोन्ही वापरतील.

ताई, माणूस कसा शिकवतो ते मी पहिल्यांदा बघितलं. मावशी काहीच शिकवत नाहीत. रोज सकाळी माझ्या आधी येऊन एक धडधाकट मशीन बिघडवून ठेवतात. बिघाड एकच. तो मी शोधायचा. सापडला, की दुसऱ्या दिवशी बिघडवायची पाळी माझी आणि शोधायची मावशींची. पहिल्या दिवशी मी ते मशीन पार सोलून काढलं. वर्तमानपत्रावर स्क्रूंची रांग लावली. दोन तास घाम गाळला आणि शेवटी स्टुलाला लाथ घातली. मावशींनी आधी स्टूल उचलून सरळ केलं.

"त्याचा काही दोष नव्हता," म्हणाल्या. मग मशीनकडे बोट. "सुई उलटी बसवलीय."

बस, इतकंच. ना 'गाढवा', ना 'लक्ष कुठे असतं'. इतकी वर्षं शाळा-कॉलेजात घालवली, पण इतक्या सन्मानाने मला कुणी चुकू दिलं नव्हतं.

आणि बिघडवणं सोपं असेल असं समजू नकोस. चालतं कसं ते नीट कळल्याशिवाय नेमकं बिघडवता येत नाही. माझी पहिली पाळी आली तेव्हा मी बॉबिनच्या खाचेत एक केस अडकवला. मावशींनी डोळे मिटून चाक एकदाच फिरवलं, चिमट्याने केस बाहेर काढला आणि उजेडात धरला.

"हा तुझा नाही. लांब आहे."

माझे कान तापले. केस समोरच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात सापडला होता. आता तिथे बसणारीबद्दल तुला सांगायलाच हवं. ती पुस्तकं देते-घेते. मी दिवसातून तीनदा पुस्तक बदलतो. मध्यंतरी मधमाशापालनावरचं आणलं, कारण ती त्या कपाटापाशी उभी होती. हसू नकोस. तिने माझ्याकडे बघितलं की मला हातातला पाना कुठे ठेवू ते कळत नाही.

तिनेच मला फलकावरची जाहिरात दाखवली. शिकण्याच्या नव्या कल्पनांची खुली स्पर्धा. वयाची अट नाही, पदवीची अट नाही. निवडलेली कल्पना शाळाशाळांतून चालवणार. "पदवीची अट नाही" या ओळीवर तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "आता काय सबब सांगशील?"

मग मी तिला सगळं सांगितलं. एका पेटीत छोटं यंत्र, त्यात एकच बिघाड. मुलांनी तो शोधायचा, मग स्वतः नवा बिघाड करून पेटी पुढच्या वर्गाकडे पाठवायची. ती ऐकत होती आणि तिचे डोळे मोठे होत होते. फॉर्म तिनेच टाइप केला. नाव दिलं 'बिघाडाची पेटी'. टाइप करता करता एका रकान्यापाशी तिची बोटं थांबली. मूळ कल्पना कोणाची?

तिने माझ्याकडे बघितलं.

इथे मी पत्र थांबवून चहा पिऊन आलो. मग मशीनला तेल घातलं, काही गरज नसताना.

"माझी," असं म्हणालो, ताई. एकच शब्द. ती अशी बघत होती की मावशींचं नाव त्या क्षणी तोंडात आलंच नाही. हे खोटं आहे. आलं होतं. गिळलं.

निवड झाल्याचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. मी सुटा भाग आणायला बाहेर गेलो होतो. पाकिटावर दुकानाचं नाव, म्हणून मावशींनी ते फोडलं. मी परत आलो तर म्हणाल्या, "अभिनंदन, किटली. तुमची अभिनव कल्पना त्यांना फार आवडली," आणि पत्र माझ्या हातात देऊन मशीन पुसायला लागल्या. त्या दिवशी एवढंच.

दुसऱ्या सकाळी सरावाचं मशीन नेहमीसारखं मांडलेलं. मी बसलो. सुई बघितली, सरळ. बॉबिन, शटल, पट्टा, दोऱ्याचा ताण, सगळं चोख. कापड सरकवलं तर टाका मोत्यासारखा. दुपार झाली.

"मावशी, यात काही बिघाड नाही."

"आहे."

"अहो, शिवतंय ना व्यवस्थित!"

"शिवतंय. म्हणून काय झालं?"

दुकानात येणाऱ्या प्रत्येक मशीनच्या चाकाला मालकाच्या नावाची चिंधी बांधायची आमची रीत आहे. मावशी ती स्वतः शिवतात, लाल दोऱ्याने. सरावाच्या मशीनलाही त्यांच्या नावाची आहे. दुपारी तीनच्या सुमारास माझी नजर चाकावर गेली. चाक उघडं होतं.

"चिंधी नाही," मी म्हणालो.

"मग हे मशीन कुणाचं?"

"तुमचं."

"असं? तुझ्या पत्रात तर वेगळंच लिहिलंय."

स्टूल शेजारीच होतं, ताई. मी लाथ मारली नाही.

आता तुला जे सात महिने सांगितलं नाही ते. कॉलेजात मन लागत नाही म्हणून सोडलं असं मी तुला म्हणालो होतो. लागत होतं. मी केलेला प्रकल्पाचा आराखडा सरांनी त्यांच्या नावावर छापला. जाब विचारायला गेलो तर म्हणाले, "तुझ्या वयात नावाचा एवढा हव्यास बरा नव्हे." मी प्रकल्पाचं मॉडेल भिंतीवर आपटलं आणि चालू लागलो. तू म्हणालीस, "जा, मोडल्याबद्दल माफी माग, बाकीचं आपण दोघं बघू." तुला अर्धीच गोष्ट माहीत होती, तरी तू 'आपण दोघं' म्हणालीस. त्यावर मी काय म्हणालो ते तुझ्या चारही पत्रांत नाही. तू ते कधीच काढणार नाहीस, म्हणून मी लिहितो. "तू माझी आई नाहीस." माझ्या नवव्या वर्षापासून माझे केस विंचरणाऱ्या बाईला मी हे म्हणालो.

आणि ज्या गोष्टीसाठी मी भिंत गाजवली, तीच मी एका मुलीच्या डोळ्यांसाठी स्वतः केली.

त्याच संध्याकाळी वाचनालयात जाऊन तिला खरं सांगितलं. तिने शिक्का पुसून ठेवला. मग म्हणाली, "मधमाशांचं पुस्तक उद्या आण. मुदत संपलीय." बाकी काही नाही. पण नाव बदलायचं पत्र तिने लगेच टाइप केलं, मी न सांगता. आता रोज वाचनालय उघडायच्या आधी अर्धा तास मावशींकडे येते आणि बिघाड शोधते. परवा मला तासभर लागलेला बिघाड तिने नऊ मिनिटांत काढला. माझ्याशी अजून धड बोलत नाही. मावशी तिला 'घड्याळ' म्हणतात.

आयोजकांचं उत्तर काल आलं. कल्पना राहील, पण प्रात्यक्षिक मूळ कल्पना ज्याची त्यानेच द्यायचं. मावशी म्हणाल्या, "मला लोकांपुढे बोलता येत नाही. मी बिघडवीन. तू बोल."

"मी काय बोलू?"

"उलट्या सुईचं सांग. स्टुलाला लाथ मारलीस तेही."

"आणि चिंधीचं?"

"ते तुझं तू बघ," म्हणाल्या, आणि सरावाच्या मशीनला नवी चिंधी बांधायला मला दिली. ती मी बांधली.

प्रात्यक्षिक येत्या शनिवारी, सकाळी दहाला. चिंधीचंही सांगणार आहे. ते ऐकायला तू समोर असावीस. भाऊजींना आण, मला टोमण्यांची सवय मोडायची नाहीये.

पाकिटात एक चिंधी आहे. लाल दोरा मावशींकडून मागून घेतला. टाका वाकडा आलाय. मशीनचा दोष नाही, माझा आहे. तिच्यावर 'ताईचा' एवढंच शिवलंय. आलीस तर माझ्या मनगटाला बांध. मशीन कुणाचं ते आता चाकावर आहे. मीच अजून बिनचिंधीचा फिरतोय.

तू म्हणशील तिथे, म्हणशील त्याची माफी मागायला तयार, पण आधी तुझी मागणारा,

तुझा
भडकू